देशाचे तेल आणि केशवदेव मालवीय



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, आणि त्याहून जास्त युनियनच्या कचेरीत व गावोगावच्या वाचनालयांत. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. एका मंत्र्याची हकीगत मला आज सांगायची आहे. ती सांगण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी बारा वर्षे तेलाच्या पिंपांत वावरलो आणि जवळजवळ तीस वर्षे कामगारांच्या वर्गणीचे हिशेब लिहिले.

तेलाची व माझी ओळख झाली ती रेशनच्या रांगेत. १९७९ साली रॉकेलची टंचाई पडली होती, ती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आई पहाटे उठून पाच लिटरचा डबा रांगेत ठेवून यायची. डब्यावर खडूने नाव लिहिलेले असे. ती कामावर गेली की शाळेची वेळ होईपर्यंत त्या डब्याची राखण माझ्याकडे. एकदा मी दुकानदाराला विचारले, काका, हे रॉकेल येते कुठून? ते म्हणाले, गाडी आली की येते. त्या उत्तराने माझे समाधान आजतागायत झालेले नाही.

पुढे सतराव्या वर्षी मी एका तेल कंपनीच्या डेपोत कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. फाटकावर पाटी होती, भारत सरकारचा उपक्रम. युनियनच्या पहिल्याच अभ्यासवर्गात आम्हांला सांगितले गेले की सरकारी उपक्रमाची मालक म्हणजे भारताची जनता. मला मोठी गंमत वाटली. म्हणजे मी रोजावरचा हेल्पर, आणि मालकांपैकीही एक! मालक असून मला आत जायला पास लागत होता आणि तो पास कंत्राटदाराच्या खिशात असे. ही मालकी आली कुठून, कोणी आणली, याचा शोध घेता घेता केशवदेव मालवीय हे नाव वाचनात आले. डेहराडूनला तेलसंशोधनाची जी मोठी सरकारी संस्था आहे तिला त्यांचे नाव दिलेले आहे. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

मालवीयांचा जन्म १९०४ चा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेत तेलतंत्राचे शिक्षण झालेले. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग भोगलेला. मंत्रिमंडळात ज्या विषयाचे खाते मिळाले त्या विषयाचा थोडाफार अभ्यास अगोदर केलेला असण्याचा योग राजकारणात विरळा. त्यांच्या बाबतीत तो आला. १९५२ च्या निवडणुकीनंतर ते नैसर्गिक साधनसंपत्ती व शास्त्रीय संशोधन खात्यात आले. खाते तसे कोपऱ्यातले. पाटबंधारे, पोलाद, अर्थ यांच्यासमोर त्याला कोण विचारतो? परंतु जमिनीखाली जे जे आहे ते या खात्याच्या कक्षेत होते, आणि हा मनुष्य त्या शब्दांचा अर्थ अक्षरशः घेणारा निघाला.

त्या वेळी तेलाची स्थिती काय होती ती पाहा. आसामात दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले, १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना निघाला. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातले खनिज तेल ते काय एवढेच, वर्षाला सुमारे अडीच लाख टन. बाकी सर्व माल बाहेरून येई, आणि आणणाऱ्या कंपन्या तीन : बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक व कालटेक्स. एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण इतिहासाच्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. १९३९ मध्ये दिग्बोईच्या तेलकामगारांनी संप केला. गोळीबार झाला, कामगार मेले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि भारतसंरक्षणाच्या नियमांचा बडगा दाखवून तो संप मोडून काढण्यात आला. तेलाचा धंदा आणि सरकारचा हात यांची जोडी अशी फार जुनी आहे.

१९५१ ते १९५३ या काळात सरकारने या तीन कंपन्यांशी शुद्धीकरण कारखान्यांचे करार केले. स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांचे कारखाने आपल्या मुंबईत, तुर्भ्याला, १९५४-५५ मध्ये सुरू झाले. कालटेक्सचा विशाखापट्टणला १९५७ मध्ये. करारांत दोन कलमे महत्त्वाची होती. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, हे सरकारचे वचन. आणि कच्चे तेल कोठून आणायचे हे कंपनीने ठरवायचे. आज ही कलमे वाचताना राग येतो. पण त्या वेळी देशाजवळ पैसा नव्हता, यंत्रे नव्हती, आणि तेल शुद्ध करणारा एकसुद्धा स्वतःचा कारखाना नव्हता. अडला हरी म्हणतात, तशी गत.

आसामाबाहेर भारतात मोजण्याजोगे तेल नाही, असे त्या काळी जाणते लोक सांगत. स्टॅनव्हॅक कंपनीने सरकारला भागीदार करून पश्चिम बंगालमध्ये विहिरी खणल्या. त्या सर्व कोरड्या निघाल्या. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की आसामात नहारकटिया येथे १९५३ मध्ये जे तेल लागले ते आसाम ऑइल या विलायती कंपनीलाच लागले. त्या कंपन्यांना काम येत नव्हते असे नाही. त्यांचे काम त्यांच्या सोयीने चाले, एवढाच मुद्दा. इराण-अरबस्तानात पाण्याच्या भावाने तेल निघत असताना खंबायतच्या चिखलात कोण पैसा घालील?

मालवीय म्हणाले, आम्ही घालू. १९५५ मध्ये ते शिष्टमंडळ घेऊन युरोपातल्या देशांत हिंडले. सोव्हिएत रशियाचे तज्ज्ञ कालिनिन आपला ताफा घेऊन इकडे आले, नकाशे पाहिले आणि आशा आहे असे मत दिले. त्याच वर्षी खात्यात तेल व नैसर्गिक वायू यांचे संचालनालय निघाले. १९५६ च्या एप्रिलात औद्योगिक धोरणाचा ठराव झाला व खनिज तेल सरकारच्या यादीत गेले. ऑगस्टमध्ये संचालनालयाचा आयोग झाला, आणि १९५९ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. या शेवटच्या पायरीकडे मी आपले लक्ष वेधतो. ती पुढे कामाला येणार आहे.

पहिली विहीर ज्वालामुखीला, पंजाबच्या डोंगरात, १९५७ मध्ये, रुमानियाच्या यंत्राने खणली. वायू थोडासा निघाला, धंद्याजोगा नव्हे. विरोधकांना आयती संधी मिळाली. मग १९५८ च्या सप्टेंबरात खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले. १९६० च्या मे महिन्यात अंकलेश्वरला लागले, आणि ते भरपूर होते. नेहरूंनी त्या विहिरीला वसुधारा असे नाव दिले. लागणार नाही म्हणून जाणत्यांनी सांगितलेले तेल लागले होते. पण मला विचाराल तर मालवीयांचे खरे मोठे काम या विहिरींत नाही. ते आहे भावाच्या प्रकरणात. आणि भाव हा विषय आम्हां युनियनवाल्यांचा नेहमीचा असल्यामुळे तेथे मी थोडा रेंगाळणार आहे.

तुर्भ्याला तेल शुद्ध होते. ते तुर्भ्याहून पुण्याला विकायचे. भाव काय लावायचा? तुम्ही म्हणाल, कच्च्या मालाची किंमत, मजुरी, यंत्रांची झीज आणि वाजवी नफा. तसे नव्हते. तेच तयार तेल परदेशातल्या बंदरातून जहाजाने आणले असते तर जी किंमत पडली असती, ती लावायची. म्हणजे न झालेल्या प्रवासाचे भाडे आणि न उतरवलेला विमासुद्धा धरायचा! आपल्या शिवारातला गूळ आपल्याच बाजारात विकायला बसावे, आणि भाव सांगावा तो कोल्हापूरहून मालमोटारीने आणल्याचा, तशातला हा प्रकार. याशिवाय कच्चे तेल यायचे ते त्याच कंपन्यांच्या बाहेरच्या भावंडांकडून. विकणारा दादा, घेणारा धाकटा, आणि भाव ठरणार घरातल्या घरात. धाकट्याने घासाघीस करावी कशाला? बिल शेवटी रॉकेलच्या डब्यावर जायचे.

१९६० मध्ये रशियाने प्रचलित भावापेक्षा बरेच स्वस्त कच्चे तेल देऊ केले. त्याची किंमत रुपयांत घेण्याचीही तयारी दाखवली, म्हणजे परकीय चलनाची चिंता नाही. मालवीयांनी तीन कंपन्यांना विचारले, हे तेल तुमच्या कारखान्यांत शुद्ध करून द्याल का? कंपन्यांनी करारातले कलम दाखवले आणि नकार दिला. नकार कायदेशीर होता. परंतु आमच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट अनुभवाने शिकलो आहोत. दुसरीकडे काम मिळण्याची शक्यता असली की मुकादम एकदम गोड बोलू लागतो. इथेही तेच झाले. रशियाचे तेल या कारखान्यांत आले नाही, पण कंपन्यांनी स्वतःच्या कच्च्या तेलाच्या भावात सूट देऊ केली. एक थेंब न आणता भाव उतरला! मग सरकारने दामले समिती नेमली. तिने १९६१ मध्ये कंपन्यांच्या किमतींची छाननी करून अहवाल दिला. न झालेल्या प्रवासाचे भाडे सरकारी कागदावर तपासले जाऊ लागले.

याच वेळी सरकारी इंडियन ऑइल कंपनीने रशियाचे तयार डिझेल आणायला सुरुवात केली. उझगोरोद नावाचे जहाज ऑगस्ट १९६० मध्ये मुंबईला पीर पावच्या धक्क्याला लागले. ते डिझेल ठेवायला सरकारजवळ धड टाक्याही नव्हत्या. पीर पावचा तो भाग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तेथून जाताना मला नेहमी वाटते की ताजमहाल हॉटेलसमोर जसे प्रवासी फोटो काढतात तसा इथेही एखाद्याने काढायला हरकत नाही. पण वास फार येतो.

नंतर नूनमती, बरौनी, कोयली असे सरकारी शुद्धीकरण कारखाने १९६२ ते १९६५ या वर्षांत एकामागून एक चालू झाले. मालवीय १९५७ पासून खाणी व तेल यांचे राज्यमंत्री होते, १९६२ मध्ये खाणी व इंधन खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. आणि पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, त्यांना राजीनामा द्यावा लागला.

हे झाले ते तेलामुळे नव्हे. तेलाच्या शेजारी खाणी होत्या, त्यामुळे झाले. ओरिसातील एका खाणमालक कंपनीच्या हिशेबवह्यांत राजकारणी मंडळींना पैसे पोचल्याच्या नोंदी निघाल्या. सिराजुद्दीन प्रकरण म्हणून ते गाजले. त्यातली सर्वांत बोलली गेलेली गोष्ट अशी, की १९५७ च्या निवडणुकीत मालवीयांनी या कंपनीला एका काँग्रेस उमेदवाराच्या खर्चासाठी दहा हजार रुपये द्यायला सांगितले. हे पैसे त्यांनी घरी नेले नाहीत. उमेदवाराच्या प्रचारासाठीच ते होते. तेव्हा त्यांचे मित्र म्हणाले, त्यात एवढे काय झाले? कोट्यवधींचा व्यवहार ज्याच्या हातून गेला आणि ज्याने देशाचे कोट्यवधी वाचवले, त्याला दहा हजारांसाठी घालवायचे? काही जण असेही म्हणाले की परदेशी तेल कंपन्यांचे हितसंबंध दुखावले म्हणून हे उकरून काढले गेले. त्याचा पुरावा मला कोठे सापडलेला नाही. पण समजा तसे असले, तरी उकरणाऱ्याच्या हाती काही लागले हे तर खरे ना?

बंधुभगिनींनो, या दहा हजारांविषयी मी वर्तमानपत्री न्यायाधीशासारखा बोलू शकत नाही. त्याचे कारण सांगतो. मी युनियनचा खजिनदार होतो तेव्हाची गोष्ट. आमचा एक सभासद पिंपे चढवताना जखमी झाला. इस्पितळाचे बिल मोठे झाले, फंडात पैसा नव्हता. ज्याच्याकडे ही माणसे कामाला होती तो कंत्राटदार मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊ, हे पाच हजार ठेवा, पावती नको, माझे नाव नको. मी घेतले. त्याच संध्याकाळी इस्पितळात भरले. एक पैसा माझ्या घरी गेला नाही. सहा महिन्यांनी मजुरीच्या वाटाघाटीला बसलो. हजेरीपटातल्या खोट्या नोंदींचा विषय मी काढला, तेव्हा तो कंत्राटदार टेबलापलीकडून माझ्याकडे पाहून नुसता हसला आणि म्हणाला, भाऊंना आमच्या अडचणी माहीत आहेत. बस, एवढेच वाक्य. त्यानंतर त्या दिवशी माझ्या तोंडून हजेरीपटाचा हपण निघाला नाही.

पैसा कुठे गेला हे मी स्वतःला रोज सांगत होतो. पैसा कुठून आला, हे विसरायला पाहत होतो. शेवटी वार्षिक सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. ज्याच्यासाठी पैसे घेतले होते तो सभासद पहिल्या रांगेत बसला होता, आणि तोच म्हणाला, खजिनदार बदला. दोन वर्षे मला वही हातात दिली नाही. तेव्हा फार लागले. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आरोप काय, उत्तर काय आणि निर्णय काय, हे दोनशे माणसांनी समोर बसून ऐकले. कोणाच्या मनात किल्मिष राहिले नाही, माझ्याही नाही.

मालवीयांच्या वाट्याला हे आले नाही, आणि देशाच्याही आले नाही. पंतप्रधानांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांना खाजगी रीतीने चौकशी करायला सांगितले. चौकशी बंद दाराआड झाली. अहवाल पंतप्रधानांच्या हाती गेला, मंत्र्याने राजीनामा दिला आणि अहवाल प्रसिद्ध झाला नाही. आता याच्या शेजारी पाच वर्षांपूर्वीचे दुसरे प्रकरण ठेवून पाहा. आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवला गेला, तो प्रश्न फिरोझ गांधींनी लोकसभेत उपस्थित केला. १९५८ च्या आरंभी मुंबईत न्यायमूर्ती छागला यांनी त्याची चौकशी केली ती उघड्या दारांनी. गर्दी एवढी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांची साक्ष लोकांनी ऐकली, सचिवांची ऐकली, आणि महिन्याभरात काम आटोपले. कृष्णम्माचारी गेले, पण का गेले हे रस्त्यावरच्या माणसाला सांगता येत होते. मालवीय का गेले हे आज साठ वर्षांनंतर मला तुम्हांला नीट सांगता येत नाही. जो मंत्री कंपन्यांना म्हणत होता तुमच्या वह्या उघडा, त्याचीच वही बंद करून ठेवली गेली. त्यांनी अपराध केला असेल तर तो पुरता सिद्ध व्हायला हवा होता. आणि अपराध थोडा असेल, तर थोडाच आहे हे कळण्याचा त्यांचाही हक्क होता.

नेहरूंना बंद दाराआडची चौकशी का बरी वाटली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. कदाचित मित्राची अब्रू वाचवावी असे मनात असेल. कदाचित पक्षाची. निवडणुकीला पैसा कुठून येतो हा प्रश्न एका मंत्र्यापुरता राहणार नव्हता, हेही त्यांना दिसत असेल. १९६२ मध्ये संथानम समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग निघाला. त्याच वर्षी सार्वजनिक उपक्रमांवर देखरेख करणारी संसदेची समितीही झाली. दक्षता आयोगाच्या कक्षेत अधिकारी आले, मंत्री आले नाहीत. निवडणुकीच्या पैशाचे म्हणाल तर १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांना बंदी झाली, १९८५ मध्ये ती उठली, आणि २०१८ मध्ये निवडणूक रोखे निघाले. देणारा कोण हे लोकांना कळणार नाही अशी त्यांत सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. पावती नको, माझे नाव नको, हे वाक्य मी एका कंत्राटदाराच्या तोंडून ऐकले होते. ते कायद्याच्या भाषेत लिहिलेले वाचायला मिळेल असे वाटले नव्हते.

मालवीयांची गोष्ट १९६३ मध्ये संपली नाही. १९७१ मध्ये ते पुन्हा लोकसभेवर आले, १९७४ मध्ये पुन्हा मंत्री झाले. प्रथम पोलाद व खाणी, मग त्याच वर्षी पेट्रोलियम. जगात तेलाचा भाव काही महिन्यांत तिपटीहून वर गेला होता. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या जपानी बांधणीच्या जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाला भोक पाडले आणि मुंबई हाय सापडले. मालवीय तेव्हा तेलखात्यात नव्हते, हे सांगितले पाहिजे. परंतु मे १९७६ मध्ये तेथले तेल प्रत्यक्ष निघू लागले ते त्यांच्या कारकिर्दीत. आणि ज्या आयोगाने ते काढले तो त्यांनीच उभा केलेला. तेव्हाचे ते संचालनालय सुरू करताना हसणारे लोक १९७६ मध्ये कुठे होते कोण जाणे.

बर्मा-शेलचा कारभार सरकारने घेतला तोही १९७६ च्या जानेवारीत. त्याआधी १९७४ मध्ये एस्सो, म्हणजे जुनी स्टॅनव्हॅक, आली होती. १९७६ संपताना कालटेक्स आली. एका माणसाच्या हयातीत चक्र पूर्ण फिरले. पण मी कामगारांचा माणूस आहे, म्हणून चक्राची दुसरी बाजूही सांगतो. १९७६ मधले हे सर्व आणीबाणीत चालले होते. संपावर बंदी, पुढारी तुरुंगात, आणि कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. तेलकंपन्या जनतेच्या झाल्या त्या वेळी जनतेला तोंड उघडायची मुभा नव्हती. मालवीय त्या मंत्रिमंडळात होते. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्या सरकारला घालवले, त्याबरोबर तेही गेले. १९८१ मध्ये ते वारले.

आता मघाशी सांगितलेली पायरी. आयोग संसदेच्या कायद्याने झाला, बर्मा-शेल व एस्सोही संसदेच्या कायद्याने घेतल्या. या गोष्टीचे मोल आम्हांला १९७६ मध्ये कळले नव्हते. ते कळले २००३ मध्ये. त्या वेळच्या सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या दोन कंपन्या विकायला काढल्या. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसदेने कायदा करून ज्या कंपन्या घेतल्या त्या सरकारला आपल्या मर्जीने विकता येणार नाहीत. संसदेने कायदा बदलला पाहिजे. विकावे की न विकावे हे न्यायालयाने सांगितले नाही. विचारल्याशिवाय विकू नका, एवढे सांगितले. आमच्या फाटकावर त्या दिवशी पेढे वाटले गेले.

पण पेढ्यांची चव टिकली नाही. १९५९ चा आयोग १९९३-९४ मध्येच कंपनी झाला होता. २०१६ मध्ये जुने निरुपयोगी कायदे रद्द करायचे म्हणून कायद्यांची एक मोठी यादी संसदेत गेली. त्या गाठोड्यात या तेलकंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचे कायदेही होते. कसलीही गडबड न होता ते रद्द झाले. मी स्वतः ती बातमी वाचली नाही. तीन वर्षांनी भारत पेट्रोलियमच्या विक्रीची घोषणा झाली तेव्हा आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ती मला दाखवली. लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासा म्हणून ओरडणारा मी, आणि संसदेने काय रद्द केले हे मला तीन वर्षे कळले नाही. ती विक्री २०२२ मध्ये सरकारनेच मागे घेतली. घेणारे गिऱ्हाईक उरले नव्हते म्हणून. आम्ही जागे होतो म्हणून नव्हे.

देखरेख हा शब्द आपण मंत्री, संसद, महालेखापाल यांच्यासाठी राखून ठेवतो. मी एक साधे उदाहरण देतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायच्या परिसरात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतली बहुतेक ठेकेदारांची, उपठेकेदारांची. बार्ज आणि एक टग मिळून सत्तराहून अधिक माणसे गेली. वादळाची सूचना हवामान खात्याने दिलेली होती. बाकीची जहाजे किनाऱ्याकडे निघाली, हा का थांबला, थांबवण्याचा निर्णय कोणाचा, कप्तानाचा की ठेकेदाराचा की तेल काढणाऱ्या कंपनीचा, यावर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. मंत्रालयाने समिती नेमली, कंपनीने काही वरिष्ठ अधिकारी निलंबित केले. मेलेल्यांच्या नातेवाइकांना मृतदेह ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागली. त्यांचे तेल, त्यांची कंपनी, त्यांची माणसे. अंकलेश्वरची विहीर लागली तेव्हा नेहरूंच्या मागे उभे असलेल्या कामगारांपैकी कायम किती आणि रोजाचे किती, हे मालवीयांनी कधी विचारले होते का, मला शंका आहे. विलायती कंपन्यांच्या वहीत त्यांनी जे पाहिले ते आपल्या वहीत पाहायचे त्यांना सुचले नाही.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक आजही बाहेरून येते. म्हणजे भावाचा प्रश्न, दादा व धाकट्याचा प्रश्न, जिथल्या तिथे आहे. दामले समिती झाली तेव्हा पुढच्या समित्यांची नावेही लोकांना पाठ असत. आता पंपावरचा भाव रोज सकाळी सहा वाजता बदलू शकतो, आणि तो कसा ठरला हे पंपावरच्या मुलाला विचाराल तर तो सांगेल, वरून येतो. रेशनच्या दुकानातले काका याहून वेगळे काही म्हणत नव्हते.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा थांबतो. २००३ चा निकाल, २०१६ ची ती रद्द कायद्यांची यादी आणि सिराजुद्दीन प्रकरणाची जुनी कात्रणे मी पिशवीतून आणली आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी पुढे यावे. मंडपातले दिवे मालवेपर्यंत मी इथेच आहे.